घरगुती संगणकाची मंदगती : कारणमीमांसा, दूषित सॉफ्टवेअरचे निर्मूलन आणि निदानाचा क्रम

सारांश :
घरातील संगणक मंद झाला की ‘व्हायरस शिरला’ असे म्हणून हार्ड डिस्क फॉरमॅट करून घेण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः मंदगती हे लक्षण आहे, तो स्वतः रोग नव्हे. जीर्ण झालेली डिस्क, अपुरी रॅम, उष्णता, अनावश्यक प्रोग्रॅमचा भार आणि दूषित सॉफ्टवेअर ही या लक्षणामागील प्रमुख कारणे होत. प्रस्तुत लेखात या कारणांचे स्वरूप, ती परस्परांपासून वेगळी ओळखण्याची रीत आणि दूषित सॉफ्टवेअर काढून टाकण्याची क्रमवार पद्धती यांचे विवेचन केले आहे. उपायांपेक्षा उपायांचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे आणि तो चुकल्यास बहुमोल माहिती कायमची नष्ट होऊ शकते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मंदगती, दूषित सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, रॅम, बॅकअप, सेफ मोड, सायबर सुरक्षा.

१. प्रस्तावना :
एकेकाळी चैनीची वस्तू मानला गेलेला संगणक आज मध्यमवर्गीय घरातील एक आवश्यक साधन बनला आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक-साक्षरतेचा प्रसार ग्रामीण भागापर्यंत झाला. तथापि संगणक वापरणे आणि त्याचे आरोग्य राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. टंकलेखन, इंटरनेट, बँकेचे व्यवहार हे सर्व सहजपणे करणारी व्यक्तीही संगणक मंद झाला की हतबल होते.

या हतबलतेची किंमत मोठी असते. घरच्या एका डिस्कवर लग्नसमारंभाची छायाचित्रे, दिवंगत आप्तांचे आवाज, संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधाची प्रकरणे, दुकानाचे हिशेब असे बरेच काही साठवलेले असते. संगणक पुन्हा विकत घेता येतो, ही माहिती मात्र विकत मिळत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे झालेली हानी ही पुष्कळदा कोणत्याही व्हायरसने केलेल्या हानीहून अधिक असते. म्हणूनच मंदगतीचे शास्त्रशुद्ध निदान हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

२. पार्श्वभूमी : मंदगती आणि व्हायरस यांचा संबंध :
संगणक मंद होणे आणि व्हायरस असणे यांची सांगड जनमानसात घातली जाते, तिला ऐतिहासिक आधार आहे. वैयक्तिक संगणकांवर पसरलेला ‘ब्रेन’ हा आरंभीचा व्हायरस १९८६ मध्ये लाहोर येथील दोन बंधूंनी लिहिला होता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये वास्तव्य करी आणि त्याच्यामुळे फ्लॉपी ड्राइव्हची गती मंदावत असे. याच काळाच्या पुढे भारतातही व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअरचा उद्योग उभा राहिला. पुण्यात १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने आरंभ झालेली कंपनी २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाऊ लागली.

पुढील दोन दशकांत या उपद्रवाचे स्वरूप पालटत गेले. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ या वर्मने मानवी कुतूहलाचा लाभ घेतला. प्रेमपत्राच्या रूपाने आलेल्या त्या ई-मेलसोबतची फाइल वरकरणी साधा मजकूर वाटे, कारण तिच्या नावाचा अखेरचा भाग विंडोज प्रणाली लपवून ठेवीत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला ‘कॉन्फिकर’ हा वर्म नेटवर्कद्वारे तसेच पेन ड्राइव्हद्वारे पसरत असे आणि व्हायरस-प्रतिबंधक कंपन्यांची संकेतस्थळे उघडू देत नसे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक ग्रासले. त्याने ज्या उणिवेचा फायदा घेतला ती दूर करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे ५९ दिवस आधीच, प्रसृत केली होती. ज्यांनी ती स्वीकारली होती त्यांचे संगणक सुरक्षित राहिले.

या इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. आरंभीच्या व्हायरसचे अस्तित्व गोंगाटाने लक्षात येई, तर आजचे बरेचसे दूषित सॉफ्टवेअर मूकपणे काम करते. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम संगणक मंद करीलच असे नाही, किंबहुना लक्षात न येण्यातच त्याचे हित असते. उलटपक्षी अत्यंत मंद झालेला संगणक पूर्णतः निर्दोष सॉफ्टवेअरने भरलेला असू शकतो. म्हणून मंदगतीवरून व्हायरसचे अनुमान करणे आणि चांगल्या गतीवरून निर्धोकपणाचे अनुमान करणे, ही दोन्ही अनुमाने सदोष ठरतात.

३. मंदगतीची यंत्रविषयक कारणे :
संगणकाचे काम प्रामुख्याने प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या तीन घटकांच्या सहकार्याने चालते. या घटकांच्या गतींत प्रचंड तफावत असते. रॅममधील माहितीपर्यंत पोहोचण्यास साधारणतः शंभर नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचकशीर्ष इच्छित जागी नेण्याचा काळ जमेस धरता माहितीचा एक विखुरलेला तुकडा मिळण्यास सुमारे बारा मिलिसेकंद खर्ची पडतात. रॅमचा काळ एक सेकंद मानला तर हार्ड डिस्कला त्याच प्रमाणात सुमारे तेहतीस तास लागतील. फिरते भाग नसलेल्या एसएसडीला मात्र साधारण पंधरा-सतरा मिनिटेच पुरतील.

या प्रमाणावरून तीन निष्कर्ष निघतात.

अ) अपुरी रॅम : उघडलेल्या प्रोग्रॅमना रॅम पुरली नाही की प्रणाली काही माहिती डिस्कवरील राखीव फाइलमध्ये हलवते आणि गरज पडताच परत आणते. ही ने-आण सतत होऊ लागली की प्रोसेसर रिकामा असूनही संगणक थिजल्यासारखा वाटतो. ब्राउझरची अनेक पाने एकाच वेळी उघडी ठेवणे हे याचे नित्याचे कारण होय.

आ) जीर्ण डिस्क : हार्ड डिस्कचे काही भाग वाचण्यास कठीण झाले की ती पुनःपुन्हा प्रयत्न करत राहते. साधी फाइल उघडण्यास मिनिट-दीड मिनिट लागणे, मधूनच संपूर्ण संगणक स्तब्ध होणे, ‘टक्-टक्’ असा आवाज येणे ही डिस्क निकामी होत असल्याची चिन्हे आहेत. डिस्क स्वतःच्या आरोग्याची नोंद ठेवते. स्मार्ट या नावाची ही नोंद विनामूल्य साधनांद्वारे वाचता येते. तीत बदलून दिलेल्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असल्याचे दिसले तर विलंब न करता माहितीची प्रत घेणे अगत्याचे ठरते.

इ) उष्णता : पंख्याच्या पात्यांवर व झरोक्यांत धूळ साचली की प्रोसेसरचे तापमान वाढते. स्वसंरक्षणार्थ प्रोसेसर आपली गती आपोआप कमी करतो. सकाळी सुरळीत चालणारा संगणक तासाभराने मंदावत असेल, किंवा उन्हाळ्यात त्रास वाढत असेल, तर प्रथम धुळीचा संशय घ्यावा. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून वापरल्यानेही हाच परिणाम होतो.

याखेरीज विंडोज असलेली डिस्क जवळपास पूर्ण भरली असेल तर तात्पुरत्या फाइलींना जागा उरत नाही आणि गती खालावते. हार्ड डिस्कवरील विखुरलेल्या फाइली एकत्र करण्याची डीफ्रॅगमेंटेशन ही प्रक्रिया उपयुक्त असली तरी एसएसडीवर ती हाताने वारंवार करणे निरर्थक असून त्यामुळे लेखनाची झीज मात्र वाढते.

४. सॉफ्टवेअरचा निर्दोष भार :
संगणक सुरू होताच अनेक प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या नकळत सुरू होतात. प्रिंटरचे साहाय्यक, संदेशवहनाची साधने, निरनिराळ्या कंपन्यांचे सुधारणा-शोधक हे सर्व रॅम व्यापून बसतात. यांपैकी बहुसंख्य प्रोग्रॅम आरंभ-यादीतून वगळले तरी काहीही बिघडत नाही.

एकाच संगणकावर दोन व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअर एकाच वेळी जागृत ठेवणे ही सर्रास आढळणारी चूक होय. उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासू पाहतात आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. दुहेरी संरक्षण मिळण्याऐवजी दुहेरी विलंब पदरी पडतो. कायम जागृत असणारे एकच सॉफ्टवेअर ठेवावे. दुसरे हवेच असेल तर ते केवळ मागणीनुसार तपासणी करणारे असावे.

५. निदानाची रीत :
निदानाचा आरंभ निरीक्षणाने व्हावा. मंदगती केव्हा जाणवते याची दोन दिवस नोंद ठेवल्यास अर्धे निदान होते. केवळ सुरू होताना विलंब होत असेल तर आरंभ-यादी, वापराच्या तासाभराने होत असेल तर उष्णता, केवळ इंटरनेटवर होत असेल तर जोडणी किंवा ब्राउझर आणि सदासर्वकाळ होत असेल तर डिस्क वा रॅम, असा प्राथमिक तर्क बांधता येतो.

दुसरी पायरी म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता तो उघडतो. संगणक सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे जाऊ द्यावीत, कारण त्या काळात प्रणाली स्वतःची नित्यकामे उरकत असते. त्यानंतर कोणताही प्रोग्रॅम न उघडता पुढील स्तंभांचे निरीक्षण करावे.

अ) डिस्कचा वापर सतत शंभर टक्के, परंतु प्रत्यक्ष वाचन-लेखन अत्यल्प : डिस्क जीर्ण झाल्याची शक्यता.
आ) रॅमचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर : रॅम अपुरी किंवा आरंभ-यादी अवाजवी मोठी.
इ) काहीही सुरू नसताना प्रोसेसरचा वापर मोठा : अनोळखी प्रक्रियेचा शोध आवश्यक. परक्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलनाची निर्मिती करणारे सॉफ्टवेअर हे याचे एक कारण असू शकते.
ई) वापर नसताना नेटवर्कवर अखंड रहदारी : प्रणालीची सुधारणा चालू नसल्यास दूषित सॉफ्टवेअरचा संशय.

अनोळखी नाव दिसताच ती प्रक्रिया बंद करण्याची घाई करू नये. विंडोजच्या स्वतःच्या अनेक प्रक्रिया दुर्बोध नावांच्या असतात, तर दूषित सॉफ्टवेअर मुद्दाम त्यांच्यासारखीच नावे धारण करते. नावापेक्षा ठिकाण अधिक बोलके असते. प्रक्रियेवर उजवी कळ दाबून तिच्या फाइलचे स्थान पाहावे. विंडोजची मानली गेलेली फाइल विंडोजच्या फोल्डरऐवजी तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये आढळली तर संशयास पुष्टी मिळते.

दूषित सॉफ्टवेअरची अधिक विश्वसनीय लक्षणे पुढीलप्रमाणे होत : ब्राउझरचे आरंभीचे पान वा शोधयंत्र आपोआप बदलणे, न उघडलेल्या जाहिराती झळकणे, व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअर आपोआप बंद पडणे, केवळ सुरक्षा-कंपन्यांचीच संकेतस्थळे न उघडणे, पेन ड्राइव्हवरील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसणे. या शेवटच्या प्रकारात मूळ फोल्डर बहुधा नष्ट झालेले नसतात. त्यांना ‘लपलेले’ आणि ‘प्रणालीचे’ असे गुणधर्म दिलेले असतात. ते गुणधर्म काढले की फोल्डर पुन्हा दिसू लागतात. पेन ड्राइव्ह रिकामा झाला असे समजून तो फॉरमॅट करणे ही येथील मोठी चूक ठरते.

‘तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस आहेत, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा’ अशी खिडकी पडद्यावर उघडली तर ती फसवणूक समजावी. कोणतीही सुरक्षा-प्रणाली अशा रीतीने दूरध्वनी करण्यास सांगत नाही.

६. निर्मूलनाचा क्रम :
पुढील पायऱ्यांचा क्रम कारणपूर्वक योजलेला आहे. म्हणून प्रत्येक पायरीसोबत तिचे कारणही दिले आहे.

पहिली पायरी – डिस्कचे आरोग्य तपासणे : संपूर्ण तपासणीत व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअर डिस्कवरील प्रत्येक फाइल वाचते. मरणासन्न डिस्कवर असा ताण पडल्यास ती तपासणी पूर्ण होण्यापूर्वीच निकामी होऊ शकते. मंदगतीचे खरे कारण डिस्क असताना व्हायरसचा शोध घेणे म्हणजे उपचारानेच रोग्याचा घात करणे होय.

दुसरी पायरी – इंटरनेट तोडणे : पासवर्ड वा अन्य माहिती बाहेर जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो आणि दूषित सॉफ्टवेअरला नवीन आज्ञा मिळत नाहीत.

तिसरी पायरी – बॅकअप : कागदपत्रे, छायाचित्रे व हिशेब यांचीच प्रत घ्यावी. प्रोग्रॅमच्या फाइली घेऊ नयेत, कारण त्यांतून लागण पुन्हा होऊ शकते. फाइली उघडेनाशा झाल्या असतील किंवा त्यांची नावे बदलत असतील तर खंडणीखोर सॉफ्टवेअर कार्यरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाह्य डिस्क जोडल्यास तीही ग्रासली जाते. तेव्हा संगणक बंद करून पेन ड्राइव्हवरील लिनक्सने तो सुरू करावा आणि मगच प्रत घ्यावी, कारण त्या अवस्थेत डिस्कवरील विंडोज व त्यासोबतचे दूषित सॉफ्टवेअर निद्रिस्त असते.

चौथी पायरी – सेफ मोडमध्ये तपासणी : विंडोज १० व ११ मध्ये शिफ्ट कळ दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ हा पर्याय निवडला असता सेफ मोडकडे जाता येते. या अवस्थेत केवळ अत्यावश्यक घटक सुरू होतात, त्यामुळे बहुतेक दूषित प्रोग्रॅम जागे होत नाहीत आणि त्यांच्या फाइली काढता येतात. तपासणीचे साधन निर्दोष असलेल्या दुसऱ्या संगणकावरून, मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

पाचवी पायरी – प्रणालीबाहेरून तपासणी : रूटकिट या वर्गातील सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात शिरून स्वतःच्या फाइली लपवते. ज्या प्रणालीला फसवले गेले आहे तिच्याच साक्षीवर विसंबून तपास पूर्ण होत नाही. विंडोज सिक्युरिटीमधील ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ हा पर्याय संगणक पुन्हा सुरू करून विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी करतो.

सहावी पायरी – उरलेल्या खुणा पुसणे : मूळ फाइल गेली तरी तिने केलेले बदल शिल्लक राहतात. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन, प्रॉक्सी व डीएनएस यांच्या बदललेल्या नोंदी, ‘होस्ट्स’ फाइलमधील भर, टास्क शेड्युलरमधील नियोजित कामे हे सर्व तपासावे. काढून टाकलेला प्रोग्रॅम दोन दिवसांनी परत येतो, त्याचे मूळ बहुधा येथे सापडते.

सातवी पायरी – पुनर्तपासणी आणि पासवर्ड बदलणे : संगणक पुन्हा सुरू करून दुसऱ्या साधनाने तपासावा. घरातील सर्व पेन ड्राइव्हही तपासावेत. पासवर्ड बदलणे हे अखेरचे काम होय. कळफलकाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम शिल्लक असताना पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो. बँकेच्या खात्याबाबत मात्र थांबू नये. तेथील पासवर्ड दुसऱ्या निर्दोष साधनावरून तत्काळ बदलावा.

७. फॉरमॅटचे स्थान :
फॉरमॅट हा उपाय त्याज्य नाही, परंतु तो अंतिम उपाय आहे. रूटकिट आढळला, तपासणीनंतरही लक्षणे परतली, किंवा त्या संगणकावरून आर्थिक व्यवहार होत असून पूर्ण खात्री हवी असेल, तर विंडोज नव्याने बसवणे हेच श्रेयस्कर ठरते. तथापि त्यानंतर जुना दूषित पेन ड्राइव्ह जोडला किंवा अनधिकृत प्रतीतील सॉफ्टवेअर पुन्हा बसवले तर सारे श्रम वाया जातात. अनधिकृत प्रतीसोबत येणारा ‘क्रॅक’ चालवण्यासाठी व्हायरस-प्रतिबंधक सॉफ्टवेअर बंद करण्यास सांगितले जाते. दार आतून उघडून देण्याचाच हा प्रकार होय.

खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइली फॉरमॅटपूर्वी जपून ठेवाव्यात. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस व सुरक्षा-कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाद्वारे अनेक प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य उपलब्ध झाल्या आहेत. आज न उघडणारी फाइल उद्या उघडू शकते. खंडणी भरल्याने मात्र फाइली परत मिळण्याची कोणतीही शाश्वती नसते.

८. प्रतिबंध आणि कायदेशीर साहाय्य :
वॉनाक्रायच्या उदाहरणावरून प्रणालीच्या सुधारणांचे महत्त्व ध्यानात येते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही तो टाकून देण्यापूर्वी लिनक्सचा विचार करता येतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि रॅम वाढवणे या दोन बदलांनीही अनेक जुने संगणक पुन्हा कार्यक्षम होतात.

दैनंदिन वापरासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते ठेवावे. फाइलींच्या नावांचा अखेरचा भाग दिसेल अशी योजना करावी. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा संकेत पाळावा. बाह्य डिस्क प्रत घेतल्यावर लगेच काढून ठेवावी.

भारतात १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ नुसार मालकाच्या अनुमतीविना त्याच्या संगणकात व्हायरस सोडणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. ते कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केलेले असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने सायबर स्वच्छता केंद्राची स्थापना करून संगणक स्वच्छ करण्याची विनामूल्य साधने नागरिकांसाठी उपलब्ध करून दिली. खात्यातून रक्कम गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढील खात्यांत वळवली जाण्यापूर्वीच ती रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

९. समारोप :
घरगुती संगणकाच्या मंदगतीमागे एकच एक कारण नसते. यंत्राची झीज, सॉफ्टवेअरचा भार आणि दूषित सॉफ्टवेअर यांची लक्षणे वरकरणी सारखी भासली तरी नोंद, निरीक्षण व तुलना यांच्या साहाय्याने ती वेगळी करता येतात. आधी डिस्कची परीक्षा, मग माहितीची प्रत, त्यानंतर तपासणी आणि निर्मूलन व अखेरीस पासवर्डमधील बदल, हा क्रम पाळल्यास सामान्य वापरकर्त्यालाही बहुतांश प्रसंगी स्वतःच उपाय करता येतो. तंत्रज्ञाकडे जाण्याची वेळ आलीच तरी काय झाले हे नेमकेपणाने सांगता येते. संगणक त्याच्या हाती सोपवण्यापूर्वी माहितीची एक प्रत घरी आहे, एवढी खात्री प्रत्येकाने करून घेतली, तर संगणक-साक्षरतेचा खरा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.